ट्रॅफिकमध्ये काटा वर, कूलंटची बाटली रिकामी आणि गाडीखाली एक थेंब नाही

आधी लक्षणं सांगतो म्हणजे ज्याची गाडी असंच करते त्याला लगेच कळेल. अकरा वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलेंडर, ९४ हजार किलोमीटर झालेली. रोजचा रूट मुंबईत गोरेगाव ते विक्रोळी, जेव्हीएलआरने (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड). सकाळी काही नाही, तापमानाचा काटा मध्यावर गपगुमान बसलेला. संध्याकाळी परत येताना पवईला ट्रॅफिक तुंबला की काटा हळूहळू वर सरकायचा, आणि रस्ता मोकळा झाला की आपोआप खाली यायचा. दर तीन-चार आठवड्यांनी बॉनेट उघडावं तर कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) बाटली रिकामी. रात्री पार्किंगमध्ये गाडीखाली पुठ्ठा टाकून बघितला, सकाळी कोरडा ठणठणीत. आठ महिने हेच चाललं, तीन मेकॅनिक झाले, चार पार्ट बदलले आणि पाचव्यांदा परत तेच.

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी उत्तर आत्ताच देऊन टाकतो. रेडिएटरचा फॅन अर्धा मेला होता, त्यामुळे गाडी एकदा जबरदस्त तापली, तापल्यामुळे सिलेंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) वाकलं आणि हेड गॅसकेट (त्याच्या खालचं पातळ सील) एका जागी फुटलं. नंतर फॅन नीट झाला, पण तापल्यामुळे आत काय झालंय हे कुणी बघितलंच नाही, मीपण विचारलं नाही. म्हणून प्रॉब्लेम परत परत येत होता.

आता सविस्तर. त्याआधी इंजिनात नक्की काय काय असतं ते थोडं समजून घेऊया कारण ते माहीत नसलं की मेकॅनिक जे बोलेल त्याला मान डोलवावी लागते, माझं तेच झालं.

इंजिनाचे मोठे तुकडे दोन. खाली ब्लॉक, माझ्या गाडीत तो बिडाचा आहे, म्हणजे घरी आपला डोशाचा तवा असतो ना, त्याच जातीचं लोखंड. ब्लॉकमध्ये चार गोल भोकं, ते सिलेंडर, आणि प्रत्येकात एक पिस्टन वर-खाली करतो. पिस्टनच्या खाली कनेक्टिंग रॉड, रॉडच्या खाली क्रँक. ज्यांच्या घरी पायाची शिलाई मशीन होती त्यांना हे वेगळं सांगायला नको, पाय वर-खाली होतो आणि चाक गोल फिरतं, तेच इथे, फक्त पायाच्या जागी पेट्रोलचा भडका. ब्लॉकच्या वर हेड, ते ॲल्युमिनियमचं. हेडमध्ये वॉल्व, वॉल्व दाबणारा कॅमशाफ्ट आणि मधोमध प्लग. कॅम आणि क्रँक टायमिंग चेनने (काही गाड्यांत पट्ट्याने) एकमेकांना बांधलेले, क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक.

दोन फेरे का, तर काम चार स्ट्रोकमध्ये होतं. सक्शनला पिस्टन खाली जातो आणि हवा-पेट्रोल आत ओढतो. कॉम्प्रेशनला वर येतो आणि ते सगळं दाबून साधारण दहावा हिस्सा करतो. मग प्लग ठिणगी टाकतो आणि भडका पिस्टनला खाली ढकलतो, कमाई काय ती या एकाच स्ट्रोकची, बाकी तीन खर्चाचे. शेवटी पिस्टन परत वर येऊन धूर बाहेर लोटतो. हे चार स्ट्रोकवालं इंजिन निकोलाउस ओटो नावाच्या जर्मन माणसाने १८७६ मध्ये चालवून दाखवलं आणि मूळ कल्पना अजून तीच आहे. टॅकोमीटरवर (इंजिनाचे मिनिटाला किती फेरे ते दाखवणारा काटा) ३००० दिसतं तेव्हा एकेका सिलेंडरमध्ये सेकंदाला २५ भडके होतात, चार सिलेंडरचे मिळून १००.

आणि खरी गंमत इथे आहे. भडक्याच्या क्षणी आतलं तापमान २००० अंशांच्या वर जातं आणि पिस्टन ज्या ॲल्युमिनियमचा असतो ते ६६० ला वितळतं. मग पिस्टन वितळत कसा नाही? कारण भडका क्षणभराचा असतो, आणि उष्णता पिस्टनभोवतीच्या रिंगांमधून सिलेंडरच्या भिंतीत, भिंतीतून मागच्या पाण्यात निघून जाते, थोडी ऑइल घेऊन जातं. ढोबळ हिशेब असा की पेट्रोलमधली एक तृतीयांश ऊर्जाही धड चाकापर्यंत जात नाही, साधारण तेवढीच सायलेन्सरमधून हवेत जाते आणि साधारण तेवढीच पाण्याला बाहेर काढावी लागते. म्हणजे गाडी पळवायला जितकी ताकद लागते जवळजवळ तितकी उष्णता रेडिएटर सतत बाहेर फेकत असतो. ते थांबलं तर काय होईल विचार करा.

पाण्याचा रस्ता पण सांगून टाकतो. ब्लॉक आणि हेडच्या भिंती पोकळ असतात, त्यात कूलंट फिरतं. फिरवायला पंप, गॅरेजमध्ये त्याला वॉटर बॉडी म्हणतात, तो इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो. पाणी गार असेपर्यंत थर्मोस्टॅट बंद राहतो आणि पाणी इंजिनातल्या इंजिनात फिरतं, साधारण ८२ ते ८८ अंशांना तो उघडायला लागतो आणि पाणी रेडिएटरकडे जातं. गाडी पळत असेल तर समोरून येणारी हवा रेडिएटर गार करते, उभी असेल तर हवा कुठून येणार, म्हणून मागे इलेक्ट्रिक फॅन. आणि झाकण. रेडिएटरचं झाकण हे नुसतं झाकण नाही, ०.९ किंवा १.१ असा काहीतरी आकडा त्यावर कोरलेला असतो, तेवढ्या बारचं प्रेशर ते धरून ठेवतं. प्रेशर कुकरसारखंच, एक बार प्रेशरखाली साधं पाणीसुद्धा १२० च्या आसपास उकळतं, कूलंट मिसळलेलं अजून वर. गरम झाल्यावर जास्तीचं पाणी झाकणातून बाटलीत जातं आणि गार झालं की तेच परत आत ओढलं जातं.

आता माझी कथा.

मे महिन्यातला रविवार. आईला घेऊन ठाण्याला मावशीकडे निघालो, घोडबंदर रोडने. गायमुखच्या चढावर ट्रॅफिक असा तुंबला की वीस मिनिटांत दोनशे मीटर. एसी चालू, बाहेर भट्टी. आई म्हणाली काहीतरी गोड गोड वास येतोय, मला वाटलं बाहेरून कुठून तरी येत असेल. (कूलंटमधलं ग्लायकॉल जळलं की गोडसर वास येतो, हे आता कळलं.) मग बघतो तर काटा लाल रेषेवर आणि बॉनेटच्या कडेने वाफ. गाडी बाजूला घ्यायला जागाच नव्हती, त्यामुळे अजून दोन-तीन मिनिटं तशीच रेटली. ती दोन-तीन मिनिटंच मला महाग पडली. बॉनेट उघडलं, एक भला माणूस मदतीला आला आणि त्याने पाण्याची गार बाटली सरळ इंजिनवर ओतली, मी थांबवायच्या आत. त्याची चूक नाही, कुणीही तेच करतो. पण तापलेल्या तव्यावर गार पाणी टाकलं की तवा कसा चरचरतो ते आठवा. बिडापेक्षा ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे जास्त तापलं की हेड आणि ब्लॉक यांच्यात खेचाखेची होते आणि मधलं पातळ गॅसकेट बिचारं दोघांच्या भांडणात चिरडतं.

खरंतर काय करायला हवं होतं तर एसी बंद, हीटर फुल आणि ब्लोअर फुल. हो, मे महिन्यात, आई बाजूला असताना. हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला छोटा रेडिएटरच, इंजिनातली उष्णता तो केबिनमध्ये आणतो. घाम फुटेल पण काटा खाली येतो. आणि तरी नाही आला तर मागचे कितीही हॉर्न मारू देत, इंजिन बंद.

पहिल्या मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी पाणी भरलं, नळाचं, आणि म्हणाला थर्मोस्टॅट चिकटलाय. बदलला का? नाही, काढून टाकला. "साहेब आपल्या मुंबईत थंडी कुठे, थर्मोस्टॅट लागतच नाही." हे वाक्य तुम्हीपण ऐकलं असेल. मला तेव्हा पटलं होतं, पण ते साफ चूक आहे. एक तर मोकळ्या रस्त्यावर इंजिन धड तापतच नाही, कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारच आहे म्हणून तो पेट्रोल जास्त सोडतो, माझं ॲव्हरेज १५ वरून १२ वर आलं. ऑइल पुरेसं गरम होत नाही म्हणून त्यातला ओलावा उडत नाही. आणि बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना पाण्याची दुसरी शॉर्टकट वाट बंद करतो, तोच काढला तर काही पाणी रेडिएटरला न जाता शॉर्टकटनेच फिरत बसतं, म्हणजे ट्रॅफिकमध्ये उलट जास्त तापतं. असं दोन्हीकडून नुकसान.

दुसरा मेकॅनिक बरा होता. त्याने गाडी चालू ठेवून एसी लावला आणि फॅन बघितला. एसी लावला की फॅन लगेच हळू स्पीडवर सुरू व्हायला हवा, कारण एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढ्यातच असतो. माझ्यात तो सुरूच होत नव्हता. फॅनला दोन स्पीड, हळू स्पीडचा रेझिस्टर जळलेला, फक्त फास्ट चालू होता आणि तो पाणी बरंच गरम झाल्यावर लागतो. म्हणजे ट्रॅफिकमध्ये पाणी मधल्या वेळात उगाच तापत राहायचं आणि मग एकदम फॅन ओरडत सुरू व्हायचा. इतके दिवस मला वाटायचं की फॅन चालतोय की, आवाज तर येतो. रेझिस्टर आणि रिले बदलला, काटा खाली. मी खूश, त्याला चहा पाजला.

तीन आठवड्यांनी बाटली रिकामी.

मग तोच म्हणाला वॉटर बॉडी लीक असेल. बदलली. मग म्हणाला झाकण गेलं असेल. बदललं. मग म्हणाला रेडिएटर बदलू, तेव्हा मी म्हटलं थांब रे बाबा. मधल्या काळात सल्ले तर विचारू नका. सोसायटीतल्या एका काकांनी रेडिएटरमध्ये हळद टाकायला सांगितली, जुने ट्रकवाले म्हणे तेच करायचे, बारीक गळती बुजते. बुजत असेलही, पण हळद असो की बाजारात मिळणारी लीक बंद करायची पावडर, ती हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यापण बुजवते. ऑफिसमधल्या एकाने सगळं पेट्रोलमधल्या इथेनॉलवर ढकललं. इथेनॉलबद्दल काय बोलायचं ते बोला पण ते बाटलीतलं कूलंट पीत नाही.

शेवटी जोगेश्वरीला एका जुन्या मेकॅनिककडे गेलो, साठीचे असतील, काकाच म्हणतो त्यांना. त्यांनी पहिली वीस मिनिटं पान्याला हातच लावला नाही, नुसते प्रश्न. सकाळी स्टार्ट केल्यावर गाडी थरथरते का? मी म्हटलं हो, पाच-सहा सेकंद मिस मारते (एखाद्या सिलेंडरमध्ये भडकाच होत नाही), मग नीट, प्लग जुने झालेत. "प्लग जुने झाले तर पाच सेकंदच का जुने होतील?" मी गप्प. मग म्हणाले, "पार्ट नंतर. पाणी कुठे जातं ते आधी शोधू. बाहेर, नाहीतर ऑइलमध्ये, नाहीतर सिलेंडरमध्ये. चौथी जागा नाही."

बाहेरचं बघायला त्यांनी गार इंजिनाच्या रेडिएटरला झाकणाच्या जागी छोटा हातपंप लावला आणि एक बारपर्यंत हवा भरून ठेवली. इथे एक सांगतो, पुठ्ठा कोरडा याचा अर्थ बाहेर गळत नाही असा होत नाही, कारण गरम इंजिनावर पडलेला थेंब जमिनीवर पोचायच्या आधी वाफ होऊन जातो, मागे फक्त रंगीत डाग राहतो. वॉटर बॉडीच्या खाली एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून यावं म्हणूनच ते ठेवलेलं असतं, तिथे आणि पाईपच्या क्लॅम्पजवळ टॉर्च मारून हिरवे-गुलाबी पांढुरके डाग शोधायचे. माझ्याकडे एकही डाग नाही. पण पंपाचा काटा वीस मिनिटांत एकवरून ०.८ वर आला. म्हणजे पाणी जातंय, बाहेर मात्र नाही.

ऑइलमध्ये बघायला डिपस्टिक. ऑइलमध्ये पाणी गेलं की ते घुसळून दुधाच्या चहासारखं होतं. माझं स्वच्छ. ऑइलच्या झाकणाखाली थोडासा पिवळट साका होता, मी घाबरलो, तर काका म्हणाले पावसाळ्यात आणि छोट्या फेऱ्यांत नुसत्या दमटपणाने पण तेवढा जमतो, डिपस्टिकवर नसेल तर सोडून द्यायचा. (अनेकांना या साक्यावरून हेड उतरवायला लावलेलं मी ऐकलंय.)

राहिलं सिलेंडर. चार प्लग काढून बोनेटच्या कडेला ओळीने ठेवले. तीन तपकिरी, आणि तिसऱ्या नंबरचा इतका पांढराशुभ्र की नवीनच आणलाय असं वाटावं. काका फक्त हसले. मग त्यांनी रेडिएटरच्या तोंडावर निळं पाणी भरलेली काचेची नळी बसवली आणि गाडी चालू केली. रेडिएटरमधून येणाऱ्या हवेत जर जळलेल्या पेट्रोलचा कार्बन डायऑक्साइड असेल तर ते निळं पाणी पिवळं होतं. दोन मिनिटांत हिरवट, मग पिवळं. शेवटी कॉम्प्रेशन मोजलं, पहिला, दुसरा, चौथा १७५ ते १८० पीएसआय (प्रेशरचं माप), तिसरा १५०.

म्हणजे तिसऱ्या सिलेंडर आणि पाण्याच्या वाटेमधलं गॅसकेट फुटलेलं. आणि मग आठ महिन्यांची सगळी कोडी एका झटक्यात सुटली. गाडी चालू असताना सिलेंडरमधलं प्रेशर पाण्याच्या कितीतरी पट जास्त, म्हणून धूर फटीतून पाण्यात घुसायचा, बुडबुडे व्हायचे आणि कूलंट बाटलीत ढकलून बाटलीच्या ओव्हरफ्लोमधून रस्त्यावर सांडायचं, ते मला दिसणार कसं, मी गाडीत. गाडी बंद केली की उलटं, सिलेंडरमध्ये प्रेशर नाही आणि गरम पाण्याला प्रेशर आहे, मग थेंब थेंब पाणी सिलेंडरमध्ये. सकाळी तेच पाणी जाळताना पाच सेकंद मिस. तो प्लग पांढरा कारण रोज वाफेने धुतला जात होता. आणि ट्रॅफिकमध्येच काटा वर का, तर हेडमध्ये हवेचा फुगा साचायचा आणि इंजिन आयडलवर असलं की पंप इतका हळू फिरतो की तो फुगा ढकललाच जात नाही.

एक भीतीदायक गोष्ट सांगितली काकांनी. पाणी दाबलं जात नाही. सिलेंडरमध्ये रात्रभरात जास्त पाणी साचलं आणि सकाळी सेल्फ मारला तर पिस्टन वर येताना पाण्यावर आपटतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. २६ जुलै २००५ ला, सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तेव्हा, पाण्यात बंद पडलेल्या गाड्या लोकांनी परत परत सेल्फ मारून बघितल्या आणि त्यातल्या कितीतरींचे रॉड असेच गेले, असं ते म्हणाले. तिथे पाणी एअर फिल्टरमधून आत जातं, इथे गॅसकेटमधून, रॉडला काय फरक पडतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी सुरू करायचा हट्ट करू नका, टो करा.

पांढऱ्या धुराबद्दल पण लोक विचारतात. सकाळी सायलेन्सरमधून थोडी वाफ, दोन-चार थेंब, हे नॉर्मल आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं, खरंच, गरम असताना ते अदृश्य वाफ म्हणून जातं आणि सायलेन्सर गार असला की दिसतं. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरही दाट पांढरा धूर आणि गोड वास असेल तर मात्र काळजी करा. माझ्या गाडीत धूर कधीच दिसला नाही, त्यामुळे धूर नाही म्हणजे गॅसकेट चांगलं असंही नाही.

हेड उतरवलं त्या दिवशी सुट्टी टाकून गेलो. हेड बाजूला झालं आणि वरून चार पिस्टन दिसले. तीन काळे, वर्षानुवर्षांचा कार्बन, न घासलेल्या तव्यासारखे. तिसरा चकचकीत, आईने राखेने घासलेल्या पातेल्यासारखा, त्यात माझा चेहरा दिसेल इतका. काकांनी गॅसकेट उजेडात धरलं आणि तिसऱ्या भोकाच्या कडेला नख ठेवलं, तांदळाच्या दाण्याएवढी काळी खाच. बस, एवढीच. या एवढ्यासाठी वॉटर बॉडी, झाकण, थर्मोस्टॅट, आणि आठ महिने.

मग हेडवर सरळ पोलादी पट्टी आडवी ठेवून खालून फिलर गेज (फट मोजायची पातळ पोलादी पाती) घालून बघितलं. बहुतेक अशा इंजिनांना ०.०५ मिलिमीटरपर्यंत चालतं, माझं ०.१२ होतं. कागदाची जाडी साधारण ०.१ असते, म्हणजे एका कागदाइतकं वाकलेलं हेड. मशीन शॉपला पाठवून आधी पाण्याच्या प्रेशरवर टेस्ट, चीर नाहीये ना ते बघायला, आणि मग फेसिंग, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं. फेसिंग पण मनाला येईल तेवढं करायचं नसतं, जितकं कमी घासाल तितकं बरं, नाहीतर कॉम्प्रेशन वाढतं आणि इंजिन नॉक करायला (आतून खडखडायला) लागतं. गॅसकेट आणि हेड बोल्ट मी नवीन ओरिजिनल घेतले. काकांनी कुर्ल्याला सीएसटी रोडला चौकशी करायला सांगितली होती, तिथे स्वस्तात वापरलेलं पूर्ण हेडच मिळत होतं, पण त्या हेडने आधी काय काय भोगलंय कुणाला माहीत, म्हणून नाही घेतलं. हेड बोल्ट जुने वापरू नका, बऱ्याच गाड्यांत ते आवळताना ताणले जातात, एकदा ताणला तो ताणला. आणि आवळायचे मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने (ठरलेल्या ताकदीने आवळायचा पाना). तुमचा मेकॅनिक "हाताला अंदाज आहे" म्हणाला तर गाडी घेऊन घरी या. चेन परत चढवताना टायमिंगच्या खुणा जुळल्या की नाही हे काकांनी मला वाकवून दाखवलं, आणि सेल्फ मारायच्या आधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून बघितला, कारण खुणा चुकल्या तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या वॉल्ववर आपटतो.

थर्मोस्टॅट नवीन, परत जागेवर. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. नळाचं पाणी नको आणि टँकरचं, बोअरचं तर अजिबात नको, क्षाराचे थर बसतात आणि कूलंटमध्ये गंज थांबवणारं जे असतं ते पातळ होतं. रंगावर जाऊ नका, हिरवं-लाल-निळं हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते, मॅन्युअलमध्ये लिहिलंय ते घ्या आणि दोन प्रकार एकत्र करू नका.

पाणी भरल्यावर हवा काढणं हा भाग लोक घाईत उरकतात आणि मग म्हणतात नवीन गॅसकेट टाकूनही तापते. गार इंजिन, नाक चढावर, झाकण काढलेलं, हीटर फुल गरमवर, गाडी आयडलवर, आणि फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत वाट बघायची, पातळी खाली गेली की भरत राहायचं. झाकण फक्त गार असतानाच काढायचं हे मी वेगळं सांगतोय कारण माझ्या डाव्या मनगटावर अजून डाग आहे. गरम असताना आतलं पाणी प्रेशरमुळे न उकळता बसलेलं असतं, झाकण फिरवलं की सगळं एकदम उकळून अंगावर येतं. वरचा पाईप फडक्याने दाबून बघा, कडक असेल तर थांबा.

हाच पाईप घरच्या घरी टेस्ट करायलाही उपयोगाचा. सकाळी गार गाडी सुरू करा आणि दोन मिनिटांत तो पाईप दाबा. पाणी अजून कोमटच असताना पाईप दगडासारखा झाला तर ते प्रेशर उष्णतेचं नाही, सिलेंडरचं आहे.

अजून एक, केव्हा तापते यावर पण बरंच कळतं. फक्त ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेला नाही, तर आधी फॅन, रिले, रेझिस्टर बघा. हायवेला, चढाला तापते आणि सिग्नलला ठीक, तर रेडिएटर चोक किंवा पंपाचा पंखा झिजलेला. दोन्हीकडे तापते, तर पातळी, थर्मोस्टॅट, आणि मग गॅसकेट. माझ्यात फॅन आणि गॅसकेट दोन्ही होते म्हणून सगळी सरमिसळ झाली.

काट्यावर फार विसंबू नका. कंपन्या काटा मुद्दाम मध्यावर चिकटवून ठेवतात, साधारण पंचाहत्तर ते शंभरच्या पुढेपर्यंत तो हलतच नाही, हलला की समजा उशीर झालाय. नवीन छोट्या गाड्यांत तर काटाच नाही, नुसता लाल दिवा. आणि पाणी सेन्सरच्या खाली गेलं तर सेन्सर नुसत्या वाफेत राहतो आणि काटा उलट खाली पडतो, बघणाऱ्याला वाटतं वा, गार झाली. मी स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला (गाडीच्या कॉम्प्युटरचं सॉकेट) लावायचा ब्लूटूथ डोंगल घेतला, मोबाईलवर खरं तापमान दिसतं. आता हायवेला ८८-८९, पवईला ट्रॅफिकमध्ये ९६ ला फॅन लागतो, ९२ ला बंद होतो, परत ९६. सिग्नलला उभा असलो की हा आकडा बघत बसतो, बायको म्हणते मॅच लागलीये का.

खर्च एकूण साडेअठरा हजार, त्यात मशीन शॉप आलं. त्याआधी वाया गेलेले अकरा हजार वेगळे. मे महिन्यात लाल रेषेवर गेल्यानंतर लगेच ती निळ्या पाण्याची टेस्ट केली असती तर काही शेकड्यांत कळलं असतं. म्हणून तुमची गाडी एकदा जरी लाल रेषेवर गेली असेल तर फॅन बदला, पाईप बदला, काय बदलायचं ते बदला, पण बिल भरायच्या आधी ती टेस्ट करून घ्या.

बाटलीवर पातळीच्या रेषेला आईच्या शिलाईच्या डब्यातली पांढरी पट्टी चिकटवलीये. सात महिने झाले, पातळी नखाएवढी खाली गेलीये, तेवढी चालते. आणि हेड उतरवून काम केलं असेल तर ऑइल नेहमीच्या दहा हजारांची वाट न बघता पहिल्या पाचशे किलोमीटरलाच बदला, हेड काढताना थोडं कूलंट ऑइलमध्ये पडतंच आणि त्याचा राग बेअरिंगवर निघतो. मी सहाशेला बदललं, काका त्यावरही बोलले.